काउंटरच्या मागे उभे असलेले विद्यार्थी

सकाळी साडेनऊला आमच्या तालुक्याच्या गावातल्या मोठ्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं असतं. आत एकसारखे टी-शर्ट घातलेली वीस-पंचवीस मुलं-मुली कोंडाळं करून उभी असतात. काल विक्री किती झाली, आजचं टार्गेट किती, कोणत्या मालाची मुदत संपत आली आहे, बिलिंगवर कोण बसणार आणि कोण सुट्टीवर आहे, हे फ्लोअर मॅनेजर भराभर सांगतो. दहा मिनिटांत सगळे पांगतात. त्याच वेळी दीड किलोमीटरवरच्या महाविद्यालयात बी.व्होक. रिटेल मॅनेजमेंटच्या, म्हणजे किरकोळ व्यापार शिकवणाऱ्या व्यावसायिक पदवीच्या, दुसऱ्या वर्षाचा तास सुरू होतो. पटावर तीसेक नावं, बाकांवर अकरा-बारा जण. फळ्यावर विषय लिहिलेला असतो : मालसाठ्याचं नियंत्रण.

मी वाणिज्य शाखेत सव्वीस वर्षं शिकवलं आणि त्यातली शेवटची सहा याच अभ्यासक्रमावर. या सहा वर्षांत त्या दुकानातलं एकही नोकरीवर असलेलं मूल माझ्या वर्गात बसलं नाही. हे माझं सर्वांत मोठं दुःख आहे आणि या लेखाचं कारणही तेच आहे. किरकोळ व्यापाराच्या पदवीची ज्यांना खरी गरज आहे, ती माणसं आधीच दुकानात उभी आहेत. आपण मात्र बारावीतून दुकानाकडे नेणारी वाट बांधली. दुकानातून महाविद्यालयाकडे येणारी वाट बांधायचं राहून गेलं.

मूळ योजना चांगली होती, हे आधी सांगायला हवं. भारतातलं पहिलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे आसपासच्या लोकांना कामाचं शिक्षण देणारं महाविद्यालय, पुदुच्चेरीत 1995 साली निघालं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत आधीच चालू असलेल्या महाविद्यालयांतच असे अभ्यासक्रम उघडायला मदत सुरू केली आणि 2014 मध्ये बी.व्होक. ही पदवी आणली. तिची आखणी मला आजही आवडते. वर्षाला 60 श्रेयांक (क्रेडिट), त्यातले 36 कौशल्याचे आणि 24 सामान्य शिक्षणाचे. एक वर्ष करून थांबलात तर डिप्लोमा, दोन वर्षांनी अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी. मध्ये नोकरी करा, परत या, पुढचं शिका. घरात दोन म्हशी, आजारी वडील आणि हप्त्यावर घेतलेली गाडी असलेल्या मुलाला परवडेल अशी ही शिडी होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या योजनेतला एक अंदाज दिला आहे : 19 ते 24 वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेले 5 टक्क्यांहूनही कमी, जर्मनीत हेच प्रमाण 75 टक्के आणि दक्षिण कोरियात 96. म्हणजे गरज होती, आराखडा होता, सुरुवातीला पैसाही होता.

मग वर्गात आलं कोण? बी.कॉम.ला प्रवेश न मिळालेले, शिष्यवृत्तीसाठी कुठेतरी नाव हवं म्हणून आलेले, पोलीस भरतीची तयारी करता करता पदवी पदरात पडावी म्हणणारे. या मुलांना मी दोष देत नाही. त्यातल्या कितीतरी मुलांनी मला शिकवण्याचा आनंद दिला. पण त्यांच्यापैकी फार थोड्यांना दुकान चालवायचं होतं. त्यामुळे कौशल्याचे 36 श्रेयांक हळूहळू जर्नल, तोंडी परीक्षा आणि दोन 'व्हिजिट' यांत विरघळले. एका वर्षी आमची तुकडी एका मोठ्या दुकानात महिनाभर प्रशिक्षणासाठी गेली. तिथे त्यांना गोदामात खोकी उचलायला लावली आणि महिन्याच्या शेवटी कोऱ्या फॉर्मवर शिक्का मारून दिला. त्या फॉर्मवरच्या 'नेतृत्वगुण' या रकान्यात काय भरायचं, असं मुलांनी मला विचारलं. मी भरलं. ते गुण मी दिले याची बोच अजून आहे.

दुसरी अडचण पदवीच्या नावाची. बी.व्होक. ही इतर कोणत्याही पदवीइतकीच पदवी आहे, जिथे 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' चालतो तिथे ती चालली पाहिजे, असं आयोगाने स्पष्ट केलं. तरी गावातल्या पालकांचा पहिला प्रश्न हाच असे : "सर, हे ग्रॅज्युएशनच ना? की आयटीआयसारखं काही?" आयटीआयबद्दलची ही तुच्छताही मला सहन होत नाही, पण तो वेगळा विषय. शिवाय अनुदान ठरावीक वर्षांचंच होतं. ते संपलं तेव्हा अभ्यासक्रम विनाअनुदानित झाला आणि शिकवायला तासिका तत्त्वावरची तरुण मुलं आली. त्यांनी कधी गल्ला मोजलेला नव्हता, आणि महाविद्यालय त्यांना जे देत होतं त्यात मोजायला शिकण्याइतकी उसंतही त्यांना नव्हती.

"दुकानदारीला पदवी कशाला?" हा प्रश्न मला शिक्षित माणसांनीच जास्त वेळा विचारला आहे. त्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यामागे एक गैरसमज आहे : काउंटरमागच्या माणसाला फक्त हसणं आणि पिशवी भरणं येत असलं की झालं.

एक साधा हिशेब पाहा. एक डबा 90 रुपयांना घेतला आणि 100 ला विकला. असा एक डबा चोरीला गेला, फुटला किंवा त्याची मुदत संपली. ते 90 रुपये भरून काढायला असे आणखी नऊ डबे विकावे लागतात, तेव्हा कुठे गाडी शून्यावर येते. भाडं, वीज, पगार तर अजून निघालेलेच नाहीत. याला मोठ्या दुकानांत 'श्रिंकेज' म्हणतात. जुन्या दुकानदारांच्या बोलीत घट, तूट, उंदीरखाद अशी त्याचीच रूपं आहेत. ही घट नेमकी कुठे होते आहे हे शोधणं म्हणजे तपासकाम असतं. माल उतरवताना खोकी मोजली गेली का, वजनकाटा बरोबर आहे का, बिलिंगवर एकच बारकोड दोनदा लागतो आहे की एकदाही लागत नाही, जुना माल पुढे आणि नवा मागे हा नियम रात्रपाळीने पाळला का. त्या दुकानात चार वर्षं काम केलेल्या एका मुलीने मला एकदा सांगितलं, "सर, आमच्याकडे चोरी दुकानात कमी होते, पावतीत जास्त होते." एवढं वाक्य मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळालं नव्हतं. ती मुलगी बारावी झालेली होती. तिच्यावरच्या जागेसाठी पदवी लागत होती, म्हणून ती चार वर्षं तिथेच होती.

किंवा नफ्याचं घ्या. 80 ला घेतलेली वस्तू 100 ला विकली तर खरेदीवर नफा 25 टक्के, विक्रीवर 20 टक्के. हा फरक तिसऱ्या वर्षाच्या अर्ध्या वर्गाला गोंधळात टाकतो. आणि तो न कळलेला माणूस 'सरसकट 20 टक्के सूट' अशी पाटी लावतो तेव्हा आपण सगळी कमाई वाटून टाकली, हे त्याला महिनाअखेरीस कळतं. 22 सप्टेंबर 2025 ला वस्तू व सेवा कराचे दर बदलले. आदल्या रात्रीपर्यंत जुन्या किमतीचा माल मांडणीवर आणि सकाळी बिलात नवा दर. सुधारित किमतीच्या चिकट्या, प्रणालीतले बदल, जुन्या साठ्यावर आधी भरलेल्या कराचा हिशेब, दारात येऊन "दर उतरले ना, मग कमी का नाही?" विचारणारं गिऱ्हाईक, हे सगळं एका दिवसात सांभाळणारी माणसं महाराष्ट्रात हजारोंनी होती. त्यांच्यापैकी कुणाला त्या दिवसाबद्दल कुणी एक श्रेयांक दिला का?

याशिवाय वजन-मापांचा वैधमापन कायदा आहे, अन्न सुरक्षा कायदा आहे, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. भाजीपाला तर स्वतंत्र शास्त्र आहे. कोथिंबीर सकाळी किती मागवायची हे पाऊस, वार, सण आणि बाजूच्या आठवडी बाजारावर ठरतं, आणि चुकलं की संध्याकाळी कचऱ्यात जातं. माणसांचं वेळापत्रक लावणं त्याहून कठीण. दिवाळीच्या आठवड्यात कुणाला सुट्टी द्यायची आणि कुणाला नाकारायची, हे ठरवताना घरं ओळखावी लागतात. मी ज्याला व्यवस्थापन म्हणतो ते हेच. ते शिकायला येणाऱ्याला पदवी द्यायला विद्यापीठाला संकोच का वाटावा, हे मला समजत नाही.

मराठी समाजाला दुकानाचं वावडं आहे, असं आपणच आपल्याविषयी सारखं बोलतो. मला ते पटत नाही. 1948 मध्ये मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी एकत्र येऊन अपना बाजार हे सहकारी भांडार उभं केलं. वारणानगरला ऊस पिकवणाऱ्या गावांनी वारणा बाजारसारखं सहकारी भांडार चालवून दाखवलं. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून घराघरांच्या गटांपर्यंत महिन्याचं वाणसामान पोचवण्याची एक वेगळीच पद्धत रुजवली. आज देशभर पसरलेल्या डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत उघडलं. म्हणजे किरकोळ व्यापाराचा फार मोठा अनुभव आपल्या मातीत साठला आहे. तो अभ्यासक्रमात कुठे आहे? माझ्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकात अमेरिकेतल्या दुकानांची उदाहरणं होती. अपना बाजारचं नाव नव्हतं. गिरण्या बंद पडल्यावर आणि मोठी दुकानं आल्यावर सहकारी भांडारांना टिकून राहणं का अवघड गेलं, हा तर सबंध सत्राचा विषय व्हावा.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर तिथली एक गोष्ट मात्र खरोखर घेण्यासारखी आहे. तिथली सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजं 1901 पासूनची, इलिनॉय राज्यातल्या जोलिएटपासूनची. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या किराणा साखळ्यांच्या संघटनेने या महाविद्यालयांबरोबर रिटेल मॅनेजमेंटचं एक प्रमाणपत्र उभं केलं. ते शंभरहून अधिक महाविद्यालयांत चालतं. त्यात हिशेब, मनुष्यबळ, विपणन, लेखी व तोंडी संवाद, संगणक आणि दुकान व्यवस्थापन असे मोजके विषय आहेत. ते नजरेसमोर ठेवून आखलं गेलं आहे ते आधीच दुकानात काम करणाऱ्या माणसाला : फळं मांडणारा, पिशव्या भरणारा, गल्ल्यावर बसणारा. अनेक कंपन्या त्याचं शुल्क स्वतः भरतात, आणि मिळवलेले श्रेयांक पुढे दोन वर्षांच्या पदवीत धरता येतात.

तिथेही सगळं सोन्याचं नाही. कम्युनिटी कॉलेजमध्ये येणाऱ्या बहुसंख्यांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते आणि तिथपर्यंत पोचणारे थोडेच असतात. श्रेयांक एका संस्थेतून दुसरीत नेताना गळतात, वाढतं घरभाडं आणि मुलंबाळं मध्ये येतात. वॉलमार्टने 2018 पासून कर्मचाऱ्यांच्या पदवीचा खर्च उचलायला सुरुवात केली आणि 2021 मध्ये त्यांचा उरलेला वाटाही माफ केला. पण कंपनीच्या पैशाने शिकणाऱ्याला कंपनीने निवडलेलेच अभ्यासक्रम मिळतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. म्हणून मला त्यांच्याकडून हवी आहे ती फक्त दिशा : दुकानातून वर्गाकडे.

आपल्याकडे ही दिशा नवी नाही. गिरणगावात दिवसभर साच्यावर उभं राहून संध्याकाळी रात्रशाळेत बसणारी माणसं होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हे शब्द साताऱ्यातून महाराष्ट्रभर नेले आणि कामाला शिक्षणाच्या आड येऊ दिलं नाही. त्याही आधी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगितलं, तेव्हा मोडी आणि बालबोध लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेबाचं नाव घेतलं, आणि त्याच यादीत इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती, आरोग्यही घातलं. कष्टकऱ्याच्या मुलाला हिशेबही हवा आणि भूगोलही हवा, असा तो आग्रह होता. सामान्य शिक्षणाच्या त्या 24 श्रेयांकांकडे मी तसंच पाहतो. दुकानातल्या मुलीला फक्त बारकोड शिकवून पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला अर्ज लिहिता आला पाहिजे, आकडेवारीतली खोट दिसली पाहिजे आणि मराठी, हिंदी, इंग्रजीत न अडखळता बोलता आलं पाहिजे. आपल्या हक्काचा कायदाही तिला वाचता आला पाहिजे. गुमास्ता कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवडी सुट्टी आणि जादा कामाचं दुप्पट वेतन आहे, हे रिटेलच्या पदवीत शिकवलंच पाहिजे. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. दहा तास उभं राहून पाय सुजलेल्या विद्यार्थिनीला यावर निबंध लिहायला सांगा, ती तुम्हाला संशोधन देईल.

यावर आक्षेप येईल, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो : अशाने महाविद्यालयं कंपन्यांना स्वस्त मजूर पुरवणारी केंद्रं होतील. शिकाऊ उमेदवारीला जोडलेल्या पदव्यांचा सध्या गाजावाजा आहे, 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन मिळतं, आणि वर्षभर 'शिकाऊ' म्हणून राबवून घेऊन नंतर पुढची तुकडी घेणं मालकाला सोयीचं असतं. हे घडतं. माझ्या मुलांनी खोकी उचलली, तेव्हा ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. पण म्हणूनच मी आधीच नोकरीत असलेल्यांना प्रवेश द्या म्हणतो आहे. ज्याची नोकरी आहे, पगार आहे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे, त्याला शिकाऊ ठरवून पगार कापता येत नाही. तो वर्गात येतो तो कामगार म्हणून. शिक्षकाने दुकानाबद्दल चुकीचं सांगितलं तर तो हात वर करून म्हणू शकतो, "सर, असं होत नाही." वर्गाला अशा विद्यार्थ्याची फार गरज आहे. नुसत्या बारावीहून आलेल्या मुलांनाही त्याच्या शेजारी बसून जे मिळेल ते महिनाभराच्या प्रशिक्षणात मिळणार नाही.

त्यासाठी फार काही नवीन उभारावं लागत नाही. केलेल्या कामाचं मूल्यमापन करून त्याला श्रेयांक देण्याची तरतूद राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत आहेच. तीन वर्षं बिलिंग आणि साठ्याचं काम केलेल्या माणसाला पहिल्या वर्षाचे कौशल्याचे श्रेयांक परीक्षा घेऊन देता येतील. ही परीक्षा महाविद्यालयाने आणि दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या व्यवस्थापकाने मिळून घ्यावी, स्वतःच्या मालकाने घेऊ नये. किराणा दुकानदारांच्या मुलांना आणि विशेषतः सुनांनाही याच दारातून आत घ्यावं. वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसलेल्या, उधारीची वही तोंडपाठ असलेल्या बायकांच्या नावावर एका दिवसाचाही अनुभव कुठे नोंदलेला नसतो. त्यांच्यासाठी व्यापारी संघटनेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानावा.

आणि वेळापत्रक. सगळं इथे येऊन अडतं. 2024 मध्ये बीबीए आणि बीएमएस हे व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा अनेक महाविद्यालयांनी काही महिन्यांत अभ्यासक्रमाचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. नाव बदलायला इतका कमी वेळ लागतो. तासांची वेळ मात्र माझ्या सव्वीस वर्षांत एकदाही बदलली नाही. मोठ्या दुकानात शनिवार-रविवार सर्वांत जास्त गर्दी असते, म्हणून तिथल्या मुलांना साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, पाळीपाळीने मिळते. पहिली पाळी दुपारी संपते, दुसरी दुपारी सुरू होते. सकाळी सात ते नऊचा वर्ग आणि तोच धडा परत संध्याकाळी सात ते नऊ घेतला, तर कोणत्याही पाळीतलं मूल आठवड्यातले चार दिवस येऊ शकतं. त्यासाठी दोन शिक्षक, एक शिपाई आणि संध्याकाळी उघडं ग्रंथालय लागतं. मुलींसाठी रात्री नऊनंतरची एसटी लागते किंवा महाविद्यालयाची गाडी लागते. हा खर्च कुणी उचलायचा, याचं माझं उत्तर सरळ आहे : शासनाने. बी.कॉम.च्या अनुदानित तुकडीचा पगार शासन देतं, तसाच याही तुकडीचा द्यावा.

निवृत्तीच्या वर्षी मी हा प्रस्ताव लिहून दिला होता. त्यावर आलेला एकच शेरा होता : सकाळी सात वाजता उपस्थिती कोण घेणार? मी लिहिलं, मी घेईन. पावतीतल्या चोरीबद्दल सांगणारी ती मुलगी तेव्हा पहिल्या पाळीला होती, पाळी साडेनऊला सुरू व्हायची. तिने प्रवेशाचा अर्ज आणून ठेवला होता, फक्त वेळेचा रकाना कोरा होता. प्रस्तावावर पुढचा शेरा आलाच नाही. गेल्या महिन्यात मी दुकानात गेलो तेव्हा ती बिलिंगवर होती. माझ्या पिशवीत साखर टाकता टाकता तिने विचारलं, "सर, ते सकाळचे वर्ग सुरू झाले का?"